काळ्या मातीत वर्कशॉप: पाया किती खोल, हा प्रश्न नंतरचा

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी परभणीचा, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालोय. घरामागं परसात १२ बाय १६ फुटांचं वर्कशॉप बांधायचंय, सुतारकाम आणि थोडं वेल्डिंग यासाठी. जमीन काळी आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कंपाउंडची भिंत दोन ठिकाणी तडकलीय. गवंडी म्हणतो सरळ जमिनीवर सहा इंच काँक्रीट टाकू, विषय संपला. आमचे साडू बांधकामाची ठेकेदारी करतात, त्यांचं म्हणणं सहा कॉलम घ्या, पाच फूट खाली फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद तळ, उद्या वर खोली काढता येईल. ठरवलेली जागा कडुलिंबापासून आठ फुटांवर आणि शोषखड्ड्याला लागून आहे. लिंब तोडून टाकावा का? भिंती विटांच्या करायच्या मनात आहे. सौ. म्हणते माझ्या वाफ्यांना हात लावायचा नाही. आणि हे सगळं मृगाच्या आधी उरकायचंय. ता.क. एक जुनं लेथ मिळतंय, अडीचशे-तीनशे किलोचं, त्याला वेगळं फाउंडेशन लागेल का?

काका, नमस्कार.

पत्र वाचून आधी बरं वाटलं की तुम्ही काम सुरू करायच्या आधी विचारलंत, कारण बहुतेक पत्रं येतात ती तडा गेल्यावर, फोटोसकट. आता तुमच्या गवंड्याचं आणि साडूंचं जे भांडण चाललंय ना, त्यात दोघंही एकाच गोष्टीचा विचार करतायत, की शेडचं वजन जमीन पेलेल का. आणि नेमका तोच प्रश्न तुमच्याकडं नाहीये. वजन पेलण्याचं म्हणाल तर तुमची शेड म्हणजे काहीच नाही, हिशोबच करून बघा. १२ बाय १६ म्हणजे साधारण १८ चौरस मीटर. पाच इंची स्लॅब धरला तर पाच-साडेपाच टन, वरचे पत्रे न् अँगल मिळून अर्धा टन, मशीनं-लाकूड-टेबलं धरून अजून एखादा टन. झाले सात टन, कडेचे बीम धरा अजून चार-पाच टन. म्हणजे चौरस मीटरला पाऊण टनाच्या आत. काळी माती कितीही बदनाम असली तरी एवढं वजन ती आरामात घेते, शेड खाली बसेल ही भीती मनातून काढूनच टाका.

भीती उलटी आहे. ती वर उचलली जाईल.

काळी माती आपल्या दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाईट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं, तुमच्या भेगा त्याच्याच. फुगताना ती जो जोर लावते तो चौरस मीटरला पाच-दहा टन सहज असतो, कधीकधी त्याच्याही वर जातो. आणि तुम्ही वरून दाबताय पाऊण टनानं. कोण जिंकणार सांगायला नको. म्हणून काळ्या मातीत दुमजली घर एकवेळ शांत उभं राहतं पण शेजारची हलकी कंपाउंड वॉल, पायऱ्या, पोर्चची फरशी, संडास बाथरूम, हेच आधी फुटतं. तुमची कंपाउंडची भिंत तडकलीय ती तुम्हाला हेच सांगतेय, ती काही वजनानं तडकलेली नाही.

त्यात अजून एक गोम आहे. सगळी जमीन एकसारखी फुगली असती तर कुणाला कळलंही नसतं, शेड अख्खी अर्धा-पाऊण इंच वर गेली काय न् खाली आली काय. पण तसं होत नाही. शेडच्या पोटाखालची माती झाकलेली असते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही, आणि कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते, एप्रिल-मेमध्ये वाळते, त्यामुळे कडा वरखाली होतात आणि मध्य तसाच राहतो. त्यात एका बाजूला लिंब पाणी ओढतोय आणि दुसऱ्या बाजूला शोषखड्डा बारा महिने पाणी सोडतोय, म्हणजे तुम्ही निवडलेल्या जागेत एक कड कायम कोरडी आणि एक कायम ओली. राग नको, पण अख्ख्या परसातली सगळ्यात वाईट जागा शोधून काढलीय तुम्ही.

तेव्हा पहिलं काम, जागा बदला. लिंबापासून किती लांब, तर झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर मिळालं तर उत्तम, पण लिंब चाळीस-पन्नास फूट जातो आणि घराच्या परसात एवढी जागा कुणाकडं असते, तेव्हा जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, वीस-पंचवीस फूट तरी बघा. शोषखड्ड्यापासूनही तसंच. आणि सौं.चे वाफे जर त्या चांगल्या कोपऱ्यात असतील तर मग घरात बसून बोलणी करावी लागतील, त्यात मी पडत नाही, पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे ती खाली सांगतो.

लिंब तोडायचा का, तर अजिबात नाही. सावलीसाठी वगैरे ते आहेच, पण पायाच्या दृष्टीनंही नको. मोठं झाड वर्षानुवर्षं खालची माती ओढून कोरडी ठेवत असतं. ते तोडलं की ती माती हळूहळू परत पाणी घेते आणि फुगत राहते, एका पावसाळ्यात नाही तर पुढची काही वर्षं. म्हणजे झाड तोडून त्याच जागेवर ताबडतोब शेड बांधणं हे झाड ठेवून बांधण्यापेक्षा वाईट. शिवाय तुम्ही महानगरपालिकेच्या हद्दीत, झाड तोडायला परवानगी लागते ती वेगळीच भानगड.

दुसरं काम, खड्डा घ्या. नव्या जागेच्या कोपऱ्यात तीन बाय तीनचा, खोल पाच-सहा फूट, एक मजूर एका दिवसात काढतो. चार फुटांच्या खाली गेलात की कडा ढासळतात तेव्हा आत उतरणाऱ्याला एकटं सोडू नका आणि काम झालं की लगेच बुजवा, नातवंडं फिरत असतील परसात. हा खड्डा काय सांगतो, तर मुरूम किती फुटांवर लागतो. बस, एवढंच बघायचंय. मराठवाड्यात कुठं दीड फुटाखाली मुरूम लागतो तर नदीच्या अंगाला वीस फूट खणलं तरी काळीच, शेजारच्या प्लॉटवर काय लागलं यावर जाऊ नका, पण शेजारी बोअर किंवा बांधकाम झालं असेल तर विचारून घ्यायला काय जातं.

माती किती फुगते हे बघायची टेस्ट पण सोपी आहे. माती वाळवून बारीक चाळून घ्यायची, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे, खुणा असलेल्या काचेच्या दोन नळ्यांत एकात पाणी आणि एकात रॉकेल भरून त्यात टाकायची आणि चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, दोन्हीतला फरक रॉकेलमधल्या मातीच्या टक्क्यात काढायचा. पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर माती तापट आहे समजायचं, आणि परभणीकडच्या अस्सल काळीत तो वर गेला तर आश्चर्य वाटायला नको. घरी रॉकेल नसेल तर जवळच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. पण खरं सांगू का, हात जाईल एवढ्या भेगा पडतायत म्हटल्यावर टेस्ट नाही केली तरी चालेल, उत्तर जमिनीनंच दिलंय. खड्डा मात्र चुकवू नका.

आता खड्ड्यात काय निघतं त्यावर पुढचं.

मुरूम तीन-साडेतीन फुटांच्या आत लागला तर तुमचे साडू अर्धे बरोबर. मग सहा ठिकाणी खड्डे घेऊन मुरमात फूटभर आत शिरा, तिथं दोन बाय दोन फुटांचं छोटं फुटिंग, त्यावर नऊ बाय नऊ इंचाचा कॉलम, वर जोत्याच्या पातळीला सगळ्यांना बांधणारा प्लिंथ बीम. फक्त एक लक्षात ठेवायचं, प्लिंथ बीमच्या खाली आणि काळ्या मातीच्या मध्ये तीन-चार इंच पोकळी ठेवायची, बीम मातीवर टेकवायचा नाही, नाहीतर खालून फुगलेली माती बीमलाच उचलते आणि एवढा खटाटोप करून तडा तिथंच येतो. ही पोकळी ठेवायचं गवंड्याला पटत नाही, त्याला वाटतं काम कच्चं राहिलं, तो गुपचूप माती भरून टाकतो, म्हणून त्या दिवशी तिथं उभं राहा.

मुरूम सहा फुटांतही लागला नाही तर साडूंचे पाच फुटांचे कॉलम म्हणजे नुसता खर्च, कारण ओलावा वरखाली होणारा थर आपल्याकडं साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे अकरा-बारा फुटांपर्यंत धरतात, पाच फुटांवरचं फुटिंग त्या हलत्या थराच्या ऐन मधोमध बसलेलं. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अंडररीम पाइल नावाची पद्धत आणली, त्यात बारा फूट किंवा जास्त खोल गोल भोक पाडून खालच्या टोकाला कांद्यासारखा फुगवटा कापतात, भोकाच्या अडीचपट रुंद, आणि मग सळई घालून काँक्रीट भरतात. तो फुगवटा खालच्या स्थिर मातीत अडकतो, वरची माती कितीही नाचली तरी पाइल उपसत नाही. घरासाठी ही पद्धत एक नंबर, पण परसातल्या शेडसाठी मशीन बोलावून सहा पाइल करणं, मला विचाराल तर जरा जास्तच होतं. वर खोली खरंच काढायची असेल तरच तिकडं जा, आणि मग ते डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनं करून घ्या, सदरातल्या सल्ल्यावर मजला चढवू नका.

बरं, वर खोली हवीय का हे आधी साडूंच्या गैरहजेरीत ठरवा. वेल्डिंगच्या वर कोण झोपणार आहे.

तर खोल काळीत मी काय करीन ते सांगतो. अडीच-तीन फूट काळी माती काढून टाकायची, तिथं मुरूम भरून दाबायचा, त्यावर कडेनं जाड बीम असलेला एकसंध स्लॅब आणि वर लोखंडी पाइपाचा सांगाडा, पत्र्याच्या भिंती. म्हणजे जमीन थोडी हलली तरी अख्खं वर्कशॉप एका तुकड्यात हलेल, तुटणार नाही, आणि वर तडकण्यासारखं काही नसेलच. मुरूम कशाला, तर आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी यावर बराच अभ्यास केला होता, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दिला तर खालचा फुगवटा दबतो. आपला चांगला लाल मुरूम, ज्यात थोडी माती धरून असते, तो या कामाला चालतो. मात्र नुसती वाळू, कच किंवा खडी खड्ड्यात भरू नका. हे मुद्दाम सांगतोय कारण खूप जण पाणी निचरून जाईल म्हणून खाली खडी भरतात, पण चारी बाजूंनी आणि तळाला काळी असेल तर पाणी निचरून जाणार कुठं, ते त्या खडीत येऊन साठतं, म्हणजे शेडच्या खाली तुम्ही स्वतःच्या हातानं हौद बांधता. तेच दगडाच्या सोलिंगचं, दगडामधल्या पोकळ्या मुरमानं नीट भरल्या नसतील तर पाणी तिथंच मुक्कामाला.

खड्डा शेडच्या मापापेक्षा सगळीकडनं दोन फूट मोठा घ्या, म्हणजे १६ बाय २०, खोली तीन फूट, झाले ९६० घनफूट, साडेनऊ ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मुरूम दाबल्यावर कमी होतो म्हणून बारा ब्रास मागवावा लागेल, ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण ब्रासभर आणते, तर बारा खेपा, गल्लीत ट्रॅक्टर वळतो का ते आधी बघा. गौण खनिजाची रॉयल्टी पावती ट्रॅक्टरवाल्याकडं आहे ना विचारा, नाहीतर तलाठ्यानं गाडी अडवली की तुमचं काम चार दिवस अडकतं. मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात टाकायचा, हलकं पाणी मारायचं आणि धुमस करायचं, भाड्यानं प्लेट कॉम्पॅक्टर मिळाला तर फारच छान. तीन फूट एकदम भरून वरून पाणी सोडून दिलं आणि बसला म्हणून सांगितलं, हा प्रकार चालवून घेऊ नका. गवंड्याचा सहा इंचाचा स्लॅब वाईट नाही हो, वाईट आहे ते त्याच्याखाली काहीच न करणं.

आणि ही साडेनऊ ब्रास काळी माती निघणार ना, ही तुमची सौं.शी बोलणी करायची पुंजी. वाफ्यांसाठी यापेक्षा कसदार माती विकत मिळायची नाही, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून नवे वाफे भरून द्या, उरलेली शेजारीपाजारी उचलून नेतील. फक्त नवे वाफे शेडच्या भिंतीला चिकटून नकोत. अळू, केळी, कर्दळ असली रोज पाणी मागणारी मंडळी शेडपासून दहा फूट लांब. हे भांडणाचं कारण होणार मला माहितीय, कारण बाईमाणसांना भिंतीच्या कडेची जागा वाया जाते असं वाटतं (पुरुषांना तिथं भंगार ठेवायचं असतं, ते चालेल).

लाइन आउट करताना तुम्ही नकळत एक भारी काम केलंय. १२ बाय १६ चा कर्ण बरोबर २० फूट येतो, तीन-चार-पाचचीच चौपट. फक्की मारण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, दोन्ही २० भरले की काटकोन पक्का, गुण्यावर विसंबायचं कारण नाही. लेव्हल मात्र पारदर्शक पाइपात पाणी भरूनच घ्या. जोतं किती वर, तर पावसाळ्यात परसात पाणी जिथवर चढतं त्याच्या दीड फूट वर. स्लॅबचा माथा तिथं आला पाहिजे, म्हणजे मुरूम जमिनीच्याही वर थोडा भरावा लागणार आणि त्याला कडेनं बीम धरून ठेवणार. मशीन आत ढकलायला दारासमोर रॅम्प लागेल, तो स्लॅबला जोडून ओतू नका, मध्ये अर्धा इंच फट ठेवून डांबर भरा, रॅम्प त्याच्या गतीनं हलू दे.

स्लॅबचं म्हणाल तर मुरमावर दोन-तीन इंच साधं पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, त्यावर हजार गेजचा प्लास्टिक कागद जोडाला फूटभर एकावर एक येईल असा अंथरून. हा कागद वगळायचा मोह होतो, स्वस्त असतो म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही, पण तो नसेल तर पावसाळाभर जमिनीतून ओल वर येते, रंध्याची पाती गंजतात आणि सागाच्या फळ्या वाकड्या होतात, तुम्हाला वर्कशॉपवाल्याला हे सांगायला नको. कागदावर पाच इंची स्लॅब, चारी कडांना आणि मधोमध एक आडवा असा बीम, फूटभर रुंद आणि वरपासून दीड फूट खोल. बीमला १० मिलीचे चार बार, आठ-आठ इंचावर ८ मिलीच्या रिंगा, स्लॅबला ८ मिलीची जाळी दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचावर. जाळी कव्हर ब्लॉकवर उचलून स्लॅबच्या मध्याच्या जरा वर राहिली पाहिजे, खाली कागदावर लोळत राहिली तर तिचा काही उपयोग नाही. सगळं मिळून दीड ब्रास काँक्रीट, म्हणजे एम २० च्या मिश्रणाला, एकास दीडास तीन (सिमेंट, कच, खडी), साधारण ३५ गोण्या सिमेंट, पाऊण ब्रास कच, दीड ब्रासच्या आत खडी, आणि स्टील पावणेदोनशे ते दोनशे किलो. पीसीसी यात धरलेलं नाही. हा अंदाज आहे, पण ठेकेदारानं ६० गोण्या सांगितल्या तर विचारायला तरी तुमच्याकडं काहीतरी आकडा असेल.

पाण्याकडं लक्ष द्या. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणं या मिश्रणात ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, त्यात वाळूची ओल पण आली. मजुरांना पातळ काँक्रीट ओढायला सोपं जातं म्हणून ते बादलीवर बादली मारत राहतात, मापाची बादली ठरवून द्या आणि डबा तुमच्या हातात ठेवा. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी वर मातीची आळी करून पाणी तुंबवायचं, चौदा दिवस. आठवड्यानंतर सगळ्यांचा उत्साह संपतो, तुम्ही रिटायर आहात, तुम्हाला जमेल.

ओतायच्या आधी आतून काय काय जाणार ते ठरवा, वायरिंगचा पाइप, वेल्डिंग मशीनची वेगळी लाइन, कधी बेसिन बसवायचं असेल तर त्याचा पाइप, कारण नंतर स्लॅब फोडणं म्हणजे प्लास्टिकच्या कागदाला भोक पाडणं. अर्थिंगचा खड्डा शेडबाहेर, पण त्यात पाणी घालत राहावं लागतं म्हणून तोही भिंतीपासून लांबच.

आणि एक काम पायाचं असतं ते कुणीच तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, शेड धरून ठेवायचं. वळवाच्या वादळात दरवर्षी पेपरात फोटो येतात ना, पत्रे उडून शेतात पडलेले. इमारतींवरच्या भाराचं मानक आयएस ८७५, त्यात आपल्या मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर सेकंदाला धरलाय, तासाला १४० किलोमीटर. तेवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास येतो, तुमचं छप्पर १८ चौरस मीटर, म्हणजे पूर्ण दाब लागला तर दीड टनाच्या वर ओढ, आणि पत्रे-अँगल सगळं मिळून अर्धा टन. म्हणजे तुमचा स्लॅब वजन पेलायला कमी आणि छप्पर खाली खेचून धरायला जास्त कामाला येणार. खांबांना ८ मिलीची सहा बाय सहा इंचाची बेस प्लेट आणि प्रत्येकी चार फाउंडेशन बोल्ट, १६ मिलीचे, खालून वळवलेले, कडेच्या बीमच्या जाळीत अडकवून. बोल्ट जागेवर राहावेत म्हणून प्लायवूडचा तुकडा बेस प्लेटच्या मापानं भोकं पाडून वर बसवा, हे तुमच्या हातचं काम आहे, गवंड्यावर सोडू नका. नंतर ड्रिल मारून बोल्ट ठोकू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

विटांच्या भिंतींचा हट्ट सोडा असं म्हणेन. आवाज कमी होतो, उन्हाळ्यात गार राहतं, सगळं मान्य, पण या जमिनीवर वीट तडकणारच, आज नाही तर तिसऱ्या उन्हाळ्यात. अगदी हवीच असेल तर खालून तीन फूट विटा, वर पत्रा, आणि गरम होतं त्याला पत्र्याखाली थर्माकोलचं शीट नको, वेल्डिंगच्या ठिणगीनं पेट घेईल, रॉकवूल लावा आणि दोन बाजूंना मोठ्या खिडक्या काढा.

आता पाणी बाहेर कसं काढायचं. १२ बाय १६ चं छप्पर, एक इंच पाऊस पडला की साडेचारशे लिटर पाणी त्यावरनं खाली येतं, आणि ते सगळं नेमकं जोत्याच्या कडेला, जिथं ते नको आहे. पन्हाळ लावून ते एका टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्याकडं न्या, शोषखड्ड्यात सोडू नका. शेडच्या चारी बाजूंनी चार फूट फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि फरशीची फट फुटली की लगेच भरा. ही फरसबंदी लोक शेवटी करतात आणि पैसे संपले म्हणून सोडून देतात, पण माझ्या मते स्लॅबमधल्या एखाद इंचापेक्षा ती जास्त कामाची. पैसे कमी पडले तर रंग नंतर करा, ही आधी.

मृगाच्या आधी उरकायचं म्हणताय, तर नका उरकू. मेमध्ये माती पार आक्रसलेली असते, तेव्हा ओतलेल्या स्लॅबला पहिल्याच पावसाळ्यात सगळ्यात मोठा फुगवटा सोसावा लागतो. उलट ऐन पावसात खणलं तर चिखल. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात ओलावा मधला असतो, तेव्हा करा, हवाही गार, काँक्रीटला बरी. आता या उन्हाळ्यात खड्डा घेऊन बघा, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची, ते विचारून या, पत्र्याची आहे म्हणून परवानगी लागत नाही असं साडू सांगतील त्यावर जाऊ नका. आणि पावसाळाभर नव्या जागेवर लक्ष ठेवा, पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी तुमच्याकडं येतं का. काही कारणानं आत्ताच करायचं झालं तर खणलेल्या खड्ड्याच्या तळाला चार-पाच दिवस पाणी मुरवा, वरचा चिखल काढा आणि मगच मुरूम भरा.

ता.क.मधल्या लेथला वेगळं फाउंडेशन लागत नाही. तीनशे किलो म्हणजे चार माणसं एका जागी उभी राहिल्यासारखं, पाच इंची स्लॅबला त्याचं काही नाही. पण त्याला स्लॅबमध्ये ग्राउट करून कायमचं गाडू नका, लेव्हलिंग बोल्टवर उभं करा, खाली लोखंडी चकत्या, शक्यतो कडेपासून आत मधल्या बीमच्या आसपास. कारण एवढं सगळं करूनही स्लॅब ऋतूप्रमाणं एखाद दोन सूत कलणार आहे, तो आपण थांबवलेला नाही, फक्त एका तुकड्यात ठेवलाय. तेव्हा वर्षातनं दोनदा, एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा मेमध्ये, लेथच्या बेडवर स्पिरिट लेव्हल ठेवून बोल्ट ॲडजस्ट करायचे. डेपोत हे तुम्ही शेकडो वेळा केलं असेल.